नेल्लीच्या सलूनमधली पानगळ

ऑक्टोबरातल्या एखाद्या संध्याकाळी माझा नवरा शरद हार मानतो आणि हीटिंग लावतो. बॉयलर दोनदा खाकरतो, पाइपांमधून गुडगुड होते आणि रेडिएटरवर उन्हाळाभर साठलेली धूळ तापायला लागते. तिला एक करपट, कोरडा वास असतो. इथे लंडनमध्ये पस्तीस वर्षं काढल्यावरही ऋतू बदलल्याचं मला झाडांआधी या वासानंच कळतं. बाहेर पानं नंतर पिवळी होतात. रुळांवर पानं पडली म्हणून ट्रेन उशिरा येतेय, अशी ईस्ट क्रॉयडन स्टेशनवरची अनाउन्समेंट तर त्याच्याही नंतर ऐकू येते.

या वर्षी तो वास आला आणि मला नेल्लीचं सलून आठवलं. सहा वर्षं झाली. करोनाच्या आधीची ती शेवटची पानगळ.

तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. एका शाळेत सायन्स लॅबची टेक्निशियन म्हणून आयुष्य गेलं होतं. शरद हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होता, तोही नुकताच रिटायर झालेला. दोन निवृत्त माणसांनी दिवसभर एका घरात राहणं हा एक वेगळाच कोर्स आहे, त्यात मी नापास होत होते. म्हणून एका संशोधन प्रकल्पात आठवड्यातून तीन दिवसांची नोकरी धरली. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी सरकार साठीनंतर घरपोच पाठवतं, फुकट. मग काही समाजांतली माणसं ती का करत नाहीत, हे शोधायचं आणि जमेल तेवढ्यांना करायला लावायचं, असं काम. मला क्रॉयडनमधल्या आपल्या बायकांसाठी घेतलं होतं. पण लॅटिन अमेरिकन बायकांसाठी नेमलेली मुलगी अचानक बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि आमची प्रमुख हेलन मला म्हणाली, "सुनंदा, तुझ्या अर्जात स्पॅनिश लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. मुलं घराबाहेर पडल्यावर मी संध्याकाळच्या क्लासला दोन वर्षं गेले होते. मला स्पॅनिशमध्ये कॉफी मागवता येत होती, स्टेशन कुठे आहे विचारता येत होतं आणि माझ्या काकांची बाग मोठी आहे असं सांगता येत होतं. शौचाला रोज होते का, हे विचारता येत नव्हतं. त्या पुस्तकात तो धडाच नव्हता.

नेल्लीचं सलून दक्षिण लंडनमध्ये एका रेल्वेपुलाच्या कमानीखाली होतं. वरून ट्रेन गेली की आरशांसमोरच्या बाटल्या थरथरायच्या. एका बाजूला पैसे गावी पाठवायचं दुकान, दुसऱ्या बाजूला मक्याच्या पिठाची पोतीच पोती. नेल्ली कोलंबियाची, पन्नाशीची, केस दर महिन्याला वेगळ्या रंगाचे. तिच्याकडे सकाळी साडेदहाच्या सुमारास बायकांची गर्दी असायची. या बायका पहाटे चारला उठून शहरातली ऑफिसं झाडतात, पुसतात. साहेबलोक यायच्या आत बादल्या उचलून निघायचं आणि दुपारी दुसऱ्या ऑफिसात. मधले दोन-तीन तास मोकळे. घर लांब, मग तो वेळ नेल्लीकडे. केस कापायचे असोत वा नसोत.

हेलननं मला तिथे पाठवलं ते एका चौकोनामुळे. आमच्या फॉर्मवर वंश लिहायला चौकोन असतात. मी कित्येक वर्षं डोळे झाकून 'इंडियन'वर टिक करत आले. या बायकांसाठी चौकोनच नव्हता. त्या 'अदर' म्हणजे 'इतर'वर खूण करायच्या. इतरांमध्ये कोण किती आजारी आहे, कोण तपासणी करतं, कोण करत नाही, हे कसं कळणार? चौकोन नाही म्हणजे आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणजे प्रश्नच नाही. मला पहिल्यांदाच वाटलं, आपल्याला निदान मोजलं तरी जातं.

पहिल्याच दिवशी मी माझी पेटी उघडली. तपासणीचं साहित्य अगदी साधं असतं. बोटाएवढी एक प्लास्टिकची नळी, तिच्या टोपणाला आतून जोडलेली काडी. घरी शौचाचा नमुना कागदावर धरायचा, काडीनं जरासा खरवडून घ्यायचा, टोपण लावायचं आणि सोबतच्या पाकिटातून पोस्टात टाकायचं. बस्स. ते दाखवायला आम्हाला ट्रेनिंगमध्ये पीनट बटर वापरायला शिकवलं होतं. मी आरशासमोरच्या फळीवर कागद पसरला, त्यावर पीनट बटरचा गोळा ठेवला आणि माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सुरुवात केली.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला, "नाही, नाही, नाही."

ठेंगणी, रुंद बांध्याची बाई. दोन लांब वेण्या पाठीवर टोकाशी एकत्र बांधलेल्या. ती उठली, पुढे आली आणि तिनं माझ्या कागदाकडे बोट दाखवलं. "हा दाणा आहे ना?"

"हो."

"मग दाण्याची अशी चेष्टा करू नये, सेन्योरा. दाणा अन्न आहे."

सलून हसलं. मला मात्र कान धरून उभं केल्यासारखं झालं. कारण माझ्या आजीनं हेच, याच सुरात म्हटलं असतं. मी ओशाळून म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. आमच्याकडेही दाणा अन्नच आहे. आम्ही त्याची आमटी करतो." आमटीला शब्द नव्हता, म्हणून 'सूप' म्हणाले.

तिचे डोळे बारीक झाले. "दाण्याचं सूप? ते आमचं आहे. कोचाबांबाचं."

"आमचंही आहे. नागपूरचं."

"नाही," ती शांतपणे म्हणाली. "दाणा मूळचा आमच्याकडचा. तुमच्याकडे तो मागाहून आला."

ती ब्लांका. बोलिव्हियाची, साठ वर्षांची. लंडनमध्ये सतरा वर्षं झालेली, पण इंग्रजी 'गुड मॉर्निंग' आणि 'फिनिश्ड' एवढंच, कारण ज्यांच्याशी इंग्रजी बोलावं ती माणसं येण्याआधीच ती निघालेली असायची.

मी घरी येऊन शोधलं. दाणा खरंच तिकडचा. बटाटाही. मिरचीही. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही. म्हणजे माझ्या आईनं जन्मभर एकादशीला जी खिचडी भक्तिभावानं परतली, तिच्यातलं तूप आणि जिरं सोडलं तर सगळं ब्लांकाच्या अंगणातून आलेलं. मला खूप वेळ हसू येत राहिलं. पुढच्या खेपेला मी डब्यात भगर आणि दाण्याची आमटी घेऊन गेले. ब्लांकानं एक चमचा खाल्ला, बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला: "मीठ बरोबर आहे. पण मांस कुठाय?"

उपवास म्हणजे काय, हे मग अर्धा तास समजावलं. देवासाठी उपाशी राहायचं आणि त्याच दिवशी तळलेले बटाटे खायचे, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

त्या दिवसांत मी इतकं काही शिकले की हेलनचा प्रकल्प बाजूलाच राहिला असता. पत्रं इंग्रजीत येतात आणि मुलगी शाळेतून आल्यावर वाचून दाखवते. पण आईच्या शौचाचं पत्र बारा वर्षांच्या मुलीनं कसं वाचावं? एका खोलीत चौघी राहतात, दर सहा महिन्यांनी खोली बदलते आणि डॉक्टरकडे नोंदवलेला पत्ता चार खोल्यांपूर्वीचा असतो. डॉक्टरकडे जायचं तर शिफ्ट बुडते, दोनदा बुडली की सुपरवायझर तिसऱ्यांदा बोलावत नाही. आणि या सगळ्याखाली ती साधी गोष्ट, जी माणसं सगळीकडे बोलतात: "मला काही होत नाहीये, मग कशाला शोधायला जायचं?"

नेल्ली माझ्यापेक्षा शंभरपटीनं चांगलं काम करायची. बाईच्या डोक्याला शॅम्पू लावता लावता विचारायची, "तुला साठ झाली ना गं, माझ्या राणी? पाकीट आलं का?" डोकं बेसिनमध्ये, डोळे मिटलेले, मान नेल्लीच्या हातात. अशा वेळी कोण खोटं बोलेल?

मी बोलले. माझं डोकं कुणाच्या हातात नव्हतं. एका सकाळी ब्लांकानं मला सरळ विचारलं, "आणि तुम्ही, सेन्योरा सुनांदा? तुम्ही केलीत ही तपासणी?"

"हो, केली ना," मी म्हणाले. "गेल्या वर्षी."

माझं पाकीट गेल्या वर्षीपासून आमच्या बाथरूमच्या कपाटात, टॉयलेट रोलच्या मागे होतं. न उघडलेलं.

ब्लांकाचं पाकीट जुन्या पत्त्यावर गेलेलं. मी तिच्या शेजारी बसून हेल्पलाइनला फोन लावला, नवा पत्ता दिला, नवं पाकीट मागवलं. ते आल्यावर तिनं दुसऱ्याच दिवशी काम उरकलं आणि सलूनमध्ये येऊन जाहीर केलं, "टाकलं पोस्टात. पाकीट उघडणाऱ्याचं देव भलं करो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नेल्लीनं तिच्या वेण्या फुकटात घालून दिल्या.

दोन आठवड्यांनी ती आली तेव्हा तिच्या हातात बंद पत्र होतं. "तुम्ही वाचा," म्हणाली. बाहेर पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं, नुसतं नोव्हेंबर होतं. मी वाचलं. नमुन्यात रक्त सापडलंय, पुढची तपासणी करायला या. आतड्यात दुर्बीण घालून.

"याचा अर्थ कॅन्सर असा नाही," मी भराभर म्हणाले. ट्रेनिंगमध्ये हे वाक्य पाठ करून घेतलं होतं. "बऱ्याच जणांना काही नसतं."

ब्लांका माझ्या तोंडाकडे बघत होती. "तुमचं स्पॅनिश आज फार चांगलं आहे," ती म्हणाली. "म्हणजे घाबरलाय तुम्ही."

दुर्बिणीच्या तपासणीची तयारी आदल्या दिवशी घरी करावी लागते. जेवण बंद, फक्त पाणी, आणि एक औषध प्यायचं ज्यानं पोट धुऊन निघतं. दिवसभर बाथरूमच्या फेऱ्या. ब्लांकाच्या फ्लॅटमध्ये सात माणसं होती आणि संडास एक. तिनं मला हे सांगितलं नाही, नेल्लीनं सांगितलं. नियमात बसत होतं का, ठाऊक नाही. हेलनला मी विचारलं नाही. ब्लांकाला म्हणाले, "माझ्याकडे या. दोन आहेत."

शिफ्टचा प्रश्न नेल्लीनं मिटवला. सहा बायकांनी ब्लांकाचे मजले आपसात वाटून घेतले. सुपरवायझरला मजले चकचकीत मिळाले, कुणी पुसले हे त्यानं विचारलं नाही.

ती ट्रॅमनं आली. हातात पिशवी, पिशवीत चपला आणि मेरीमातेची तसबीर. शरदनं दारात तिला नमस्कार केला आणि मला मराठीत म्हणाला, "मी लायब्ररीत जातो. संध्याकाळपर्यंत येत नाही. उगाच तुमच्या दिग्विजयात माझी अडचण नको." माझ्या नवऱ्याचा चांगुलपणा नेहमी असा पळ काढण्याच्या रूपात दिसतो. मला आता त्याचं काही वाटत नाही, उलट प्रेमच वाटतं.

तो दिवस मला तासातासानं आठवतो. ब्लांका औषधाचा ग्लास नाक दाबून प्यायची आणि म्हणायची, "हे देवासाठी की डॉक्टरसाठी?" मी म्हणायचे, "आज दोघांसाठी." बाहेर बागेत मेपलची पानं गळत होती. ती काचेतून बघत बसायची, मधेच दचकून उठायची, धावायची, परत यायची आणि वाक्य होतं तिथून पुढे सुरू करायची. तिचा मुलगा कोचाबांबात टॅक्सी चालवतो. त्याला तिनं काही कळवलं नव्हतं. रोज व्हिडिओ कॉलवर हसून बोलायची. "तिकडे बसून तो काय करणार? नुसता रडेल," ती म्हणाली.

हे वाक्य मी ऐकलेलं होतं.

दुपारी ती बाथरूममधून आली तेव्हा तिच्या हातात ओळखीचं पांढरं पाकीट होतं.

"रोल संपला म्हणून कपाट उघडलं," ती म्हणाली. पाकीट तिनं टेबलावर, माझ्यासमोर ठेवलं. त्यावर माझं नाव होतं. ते वाचायला इंग्रजी यावं लागत नाही.

मी काहीतरी कारण सांगू शकले असते. पण सकाळपासून ही बाई माझ्या घरात पोट रिकामं करत होती. तिच्यासमोर पुन्हा खोटं बोलवेना.

मी तिला बाबांचं सांगितलं. नागपुरात, इतवारीत आमचं औषधांचं दुकान आहे. आता धाकटा भाऊ विनू चालवतो, तेव्हा बाबा चालवायचे. अर्धी इतवारी बाबांना विचारून औषध घ्यायची. त्यांना शौचातून रक्त जात होतं. वर्षभर. ते स्वतःच्याच दुकानातून मूळव्याधीचं मलम आणि इसबगोल घेत राहिले, आणि आईला, विनूला, मला एका शब्दानं बोलले नाहीत. मी दर रविवारी फोन करायचे. "मजेत आहे गं," बाबा म्हणायचे. पोट फुगलं तेव्हा कळलं. मी पोहोचेपर्यंत ते ओळखीपलीकडे वाळले होते. मी विचारलं, "बाबा, सांगितलं का नाही?" तर म्हणाले, "तिकडे बसून तू काय करणार होतीस? नुसती रडली असतीस."

म्हणूनच ही नोकरी धरली होती. आणि म्हणूनच ते पाकीट उघडवत नव्हतं. दुसऱ्याला सांगताना मला धैर्य यायचं. स्वतःच्या बाथरूममध्ये गेले की मी परत बाबांची मुलगी व्हायचे, जिला काही माहीतच करून घ्यायचं नाहीये.

हे सगळं मी कोणत्या भाषेत सांगितलं कोण जाणे. थोडं स्पॅनिश, थोडं इंग्रजी, रडताना मराठी. ब्लांकानं मधे एकदाही अडवलं नाही, फक्त एकदा हात वर करून बाथरूमला जाऊन आली.

परत येऊन माझ्याजवळ बसली. "खोटारडी," ती म्हणाली. "तू मला खोटं सांगितलंस."

'तू' म्हणाली. इतके दिवस आम्ही स्पॅनिशमधल्या 'तुम्ही'वर होतो. इंग्रजीत ही सोय नाही, सगळे आयुष्यभर एकाच 'यू'मध्ये राहतात, जवळ आलो ते कळतच नाही. मला मात्र कळलं. रागावून बोलता बोलता तिनं मला आपली करून टाकलं होतं.

"उद्या माझ्यात काय निघायचं ते निघेल," ती म्हणाली. "परवा तू हे करायचंस. मी फोन करीन. आणि आज संध्याकाळी मी मुलाला सांगते. रडला तर रडू दे. रडायला त्याला आई जिवंत हवी."

निघालं. छोटं होतं, पण कॅन्सरच होता. हॉस्पिटलमध्ये एक स्पॅनिश नर्स होती, तिनं ब्लांकाला तिच्या भाषेत, तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. ब्लांकानं एकच विचारलं, "काढता येईल?" "येईल," नर्स म्हणाली. "लवकर सापडलाय." ब्लांकानं मान हलवली, आणि मग माझा हात इतका दाबला की माझी अंगठी बोटात रुतली.

डिसेंबरात ऑपरेशन झालं. आतड्याचा तुकडा काढला, दोन टोकं जोडली. पोटावर पिशवी लावावी लागली नाही, जिची तिला मरणापेक्षा जास्त भीती होती. नेल्लीच्या सलूनमधून हॉस्पिटलात इतक्या बायका आल्या की वॉर्डच्या सिस्टरनं दोन-दोनच्या पाळ्या लावल्या. मुलगा फोनवर रडला, भरपूर रडला, मग रोज दोनदा फोन करायला लागला. ब्लांका वैतागायची. "आता याला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं," म्हणायची आणि फोन वाजायच्या आधीच हातात घेऊन बसायची.

आणि तीन महिन्यांनी सगळं जग बंद झालं. तपासण्या थांबल्या, पाकिटं थांबली. त्या पानगळीत तिनं नळी पोस्टात टाकली नसती तर, हा विचार मी अजूनही पुरता करत नाही. काठापर्यंत जाते आणि परत फिरते.

माझ्या नळीचं म्हणाल तर ब्लांकानं हॉस्पिटलच्या पलंगावरून तीन वेळा फोन केला. तिसऱ्यांदा मी "करते गं" म्हणाले आणि केली. पाकिटाची मुदत उलटली होती, नवं मागवावं लागलं. दोन आठवडे मी टपालवाल्याची पावलं ओळखायला शिकले. पत्र आलं: काही आढळलं नाही. मी ते शरदला वाचायला दिलं आणि तो चष्मा पुसत बसला. त्यानं मला त्या वर्षभरात कधी काही विचारलं नव्हतं. पाकीट टॉयलेट रोलच्या मागे आहे हे त्याला माहीत होतं. रोल तोच आणायचा.

त्याच आठवड्यात मी विनूला फोन केला. एवढ्या परक्या बायकांशी शौचाबद्दल बोलले होते, पण सख्ख्या भावाशी नाही.

"विनू, तू कधी तपासून घेतलंयस का?"

"काय?"

"पोट. आतडं. बाबांचं होतं ते."

फोनवर दुकानाचं शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "ताई, मला दिवाळीपासून थोडं थोडं रक्त दिसतंय. दुकानातलं मलम लावतोय."

मी ओरडले की रडले, आठवत नाही. दोन्ही असेल. त्याच्या बायकोला फोन द्यायला लावला, आणि दुसऱ्या दिवशी ती त्याला शर्टाला धरून दवाखान्यात घेऊन गेली. आठवडाभरानं निरोप आला: मूळव्याध. साधी, खरीखुरी मूळव्याध. आमच्या घराण्यात त्या दुखण्याचं इतकं स्वागत कधी झालं नसेल. भावजयीनं पेढे वाटले. शेजाऱ्यांनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "यांचं बरं आहे." हे उत्तरही मला फार आवडलं.

ती कमान आता तिथे आहे, पण सलून नाही. करोनानंतर भाडेकरू बदलले, आजूबाजूला काचेचे टॉवर उभे राहिले. नेल्ली दोन मैलांवर गेली, तिथे दोनच खुर्च्या मावतात. प्रकल्प संपला, हेलननं अहवाल लिहिला. त्यात सलूनचा उल्लेख 'समाजाच्या विश्वासातली जागा' असा आहे. बरोबरच आहे ते. पण मला त्या शब्दांत शॅम्पूचा वास येत नाही, ट्रेन गेल्यावर थरथरणाऱ्या बाटल्या दिसत नाहीत. दुरून बघणाऱ्याला वाटतं, माहिती पोहोचली की माणसं शहाणी होतात. माझ्याकडे तर माहितीची पेटीच होती. कमी होतं ते कुणीतरी हक्कानं 'खोटारडी' म्हणणारं माणूस.

ब्लांका आता सहासष्ट वर्षांची आहे. एकाच ऑफिसचं काम ठेवलंय. महिन्यातून एका रविवारी चर्चच्या हॉलमध्ये स्वतःच उभी राहून बायकांना नळी दाखवते, दाण्याऐवजी चिकणमाती घेऊन. मी गेले तर मागच्या खुर्चीत बसते. माझी गरज नसते. मला त्याचं फार सुख वाटतं.

परवा तिची शेवटची अपॉइंटमेंट होती. पाच वर्षांचा पाठपुरावा, मधल्या गोंधळात थोडा लांबलेला. मी सोबत गेले. या वेळी स्पॅनिश नर्स नव्हती. एक तरुण इंग्लिश नर्स होती आणि टेबलावर फोन, स्पीकरवर. पलीकडे दुभाषी बाई. कुठल्या गावातून बोलत होती देव जाणे. दुभाष्यांचा नियम असतो, रुग्ण जे म्हणेल ते जसंच्या तसं, 'मी' म्हणून सांगायचं, स्वतःचं काही बोलायचं नाही. ब्लांका म्हणाली की जेवण जातं, तर फोनमधून इंग्रजीत आवाज आला, "मला जेवण जातं." ब्लांका म्हणाली की झोप लागते, तर आवाज म्हणाला, "मला झोप लागते." जणू तिघी-चौघी मिळून एकच बाई बरी झाली होती.

नर्स म्हणाली, "सगळं स्वच्छ आहे. आता तुम्हाला इथे यायची गरज नाही."

आवाजानं ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. सांगताना किंचित अडखळला, आणि मला वाटलं, तीही हसतेय.

ब्लांकानं हातांची घडी घातली. मला वाटलं, रडेल. ती फोनकडे वाकली आणि स्पॅनिशमध्ये म्हणाली, "आणि सेन्योरा, तुमचं वय काय?"

नर्सनं माझ्याकडे बघितलं.

मग आवाज इंग्रजीत म्हणाला, "मी छप्पन्न वर्षांची आहे."

नर्सनं स्क्रीनकडे पाहिलं. "माझ्याकडे तर सहासष्ट दिसतंय."

"त्यांचं नाही," आवाज म्हणाला. "माझं. सॉरी. त्यांनी मला विचारलं."

ब्लांकाला शब्द कळले नसतील, पण सूर कळला. "पन्नाशीपासून येतं आता पाकीट," ती म्हणाली. "आलंय ना तुमच्याकडे?"

"आलंय, पण..." आवाज स्पॅनिशमध्ये म्हणाला आणि मी ते नर्सला इंग्रजीत सांगितलं. नर्स उठली, बाहेर वाट बघणाऱ्यांना "पाच मिनिटं" म्हणाली आणि दार लावून घेतलं. ब्लांकानं खुर्ची फोनजवळ ओढली.